आगगाडीतून पाहिलेला स्वित्झर्लंड



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागल्या बाकावर बसून ऐकावे, असा आजवरचा शिरस्ता. आमची विद्या नववी नापास. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहत बसून झाले. तेव्हा भाषणात काही उणेअधिक निघाले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे. आणखी एक. आम्ही सारखे 'आम्ही आम्ही' म्हणतो, त्यात मोठेपणाचा आव नाही. तीस वर्षे निवेदनांवर 'आम्ही खाली सह्या करणारे' असे लिहिल्यावर 'मी' हा शब्द जिभेवर येत नाही, इतकेच.

2024 च्या जून महिन्यात जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे अधिवेशन होते. दरवर्षी ते असते. आपल्या मराठी माणसाला ते गाव नवे नाही. नारायण मल्हार जोशी 1919 साली वॉशिंग्टनच्या पहिल्या अधिवेशनाला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि पुढे जिनिव्हालाही अनेकदा गेले. त्यांच्या वेळी बोटीचा प्रवास होता. आम्हाला विमानाचे तिकीट मिळाले. बरोबर आमचे एक रेल्वेवाले स्नेही होते. कल्याणच्या लोको शेडमध्ये त्यांची उभी हयात गेली. अधिवेशन आटोपल्यावर हाती चार दिवस उरले, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले की हा देश आगगाडीतून आणि बसमधून पाहायचा. परदेशी माणसासाठी तेथे तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा पास मिळतो. त्या एका पासावर आगगाडी, बस, शहरांतील ट्राम आणि तळ्यांतील आगबोटसुद्धा चालते. पास स्वस्त नाही. परंतु एकदा घेतला की खिडकीपाशी उभे राहण्याची कटकट संपते.

लोक विचारतात, युंगफ्राऊला गेलात का? सिनेमात दिसते ते बर्फ पाहिले का? नाही गेलो. त्या डोंगरी गाडीला आमचा पास पुरत नाही, वर निराळे पैसे पडतात, आणि आमचा दैनिक भत्ता पाव, चीज आणि सफरचंदे यांवर भागेल एवढाच होता. पाणी मात्र फुकट. गावोगावच्या चौकात कारंजी आहेत, त्यांचे पाणी लोक पितात.

प्रथम देशाचा आकार सांगतो. क्षेत्रफळ 41,285 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा सुमारे सातवा हिस्सा. वस्ती नव्वद लाखांच्या आसपास. त्यातही अर्ध्याहून अधिक मुलूख डोंगराळ. एवढ्याशा देशात लोहमार्ग पाच हजार किलोमीटरांवर पसरले आहेत आणि जेथे रूळ पोचत नाही तेथे पोस्टाची पिवळी बस पोचते. स्टेशनात शिरताना फाटक नाही, तिकीट विचारणारा नाही. डब्यात बसल्यावर तपासनीस येतो, आणि तिकीट नसेल तर दंड चुकत नाही.

स्टेशनावर आमची नजर पहिल्यांदा गेली ती घड्याळाकडे. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या अभियंत्याने 1944 साली हे घड्याळ आखले आणि 1953 साली त्याला तांबडा सेकंदकाटा बसवला. काट्याच्या टोकाला गोल चकती आहे, गाडी सोडणारा कर्मचारी हातात धरी तसली. हा काटा साठ सेकंदांचा फेरा साडेअठ्ठावन सेकंदांत संपवतो आणि बाराच्या आकड्यावर क्षणभर थांबतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा एक घर पुढे उडी घेतो आणि तांबडा काटा पुन्हा निघतो. देशभरच्या स्टेशनांवरचा मिनिट असा एकाच वेळी बदलतो. आमचे स्नेही पहिल्या दिवशी या काट्यापुढे पाच मिनिटे उभे राहिले आणि आमची गाडी चुकता चुकता वाचली.

आता तेथल्या गाड्यांची मुख्य खुबी. आपल्याला वाटते की चांगली रेल्वे म्हणजे वेगवान रेल्वे. स्विस माणसाने हा हिशेब उलटा मांडला. 1970 च्या सुमारास त्यांच्या रेल्वेत काही तरुण अभियंते होते. लोक त्यांच्या मंडळाला वेड्यांचा क्लब म्हणत. या वेड्यांनी असे सुचवले की गाड्या प्रत्येक तासाला, ठरलेल्या त्याच मिनिटाला सुटाव्यात. आठ वाजून दोन, नऊ वाजून दोन, दहा वाजून दोन. वेळापत्रक खिशात बाळगण्याचे कारणच उरू नये. 1982 च्या मे महिन्यात ते देशभर अमलात आले.

त्यापुढची पायरी अधिक अवघड होती. वारीतल्या दिंड्या निरनिराळ्या वाटांनी येतात आणि दिवेलागणीला एकाच मुक्कामी पोचतात, तशा चहूकडच्या गाड्या एका मोठ्या स्टेशनात तासाला काही मिनिटे असताना याव्यात, उतारूंनी पलीकडच्या फलाटावर जावे, आणि तास भरल्यावर दोनचार मिनिटांत सगळ्या गाड्या आपापल्या वाटेने सुटाव्यात. बाहेर बसही त्याच हिशेबाने उभी. परंतु हे जमण्यासाठी दोन मोठ्या स्टेशनांमधला प्रवास तासाच्या जरा आत बसला पाहिजे. झुरिक ते बर्न अंतराला तासाहून अधिक वेळ लागे. म्हणून त्यांनी तेथे सुमारे 45 किलोमीटरांचा नवा मार्ग बांधला आणि 2004 च्या डिसेंबरपासून तो प्रवास तासाच्या आत आला. तो आणखी कमी करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. पुढची गाडी सुटायच्या वीस मिनिटे आधी पोचून करायचे काय? शक्य तितके वेगाने नव्हे, तर गरजेपुरते वेगाने, हे त्यांचे सूत्र. बुलेट ट्रेनच्या गप्पा ऐकतो तेव्हा आम्हाला हे सूत्र आठवते. असो.

या योजनेवर 1987 च्या डिसेंबरात देशभर मतदान झाले आणि 57 टक्के लोकांनी होकार दिला. रेल्वेच्या प्रश्नावर मतदान! आम्हाला याचे नवल वाटले, पण तेथे ही जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील लोहमार्ग खाजगी कंपन्यांचे होते. 1897 च्या मार्चमध्ये ईशान्य भागातील कंपनीच्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढल्याच वर्षी, 20 फेब्रुवारी 1898 रोजी, मोठ्या कंपन्या राष्ट्राने विकत घ्याव्यात की नाही याचा कौल मागितला गेला, आणि दोनास एक या प्रमाणात लोकांनी होय म्हटले. 1902 साली राष्ट्रीय रेल्वेचा कारभार सुरू झाला. अगदी अलीकडे, 2014 साली, रेल्वेच्या बांधणीसाठी कायमचा निधी उभारण्यालाही 62 टक्के मते पडली. अर्थात ती मते टाकायला 1971 पर्यंत तेथील बायकांना देशपातळीवर अधिकार नव्हता, हेही विसरू नये. आपल्या आया पहिल्या निवडणुकीपासून मत देत आल्या.

जिनिव्हाहून निघालेली आमची गाडी न्यूशातेल, बील, सोलोथुर्न करीत ओल्टेनला जात होती. वाटेत डब्यातील घोषणा फ्रेंच होत्या त्या जर्मन झाल्या. मध्ये ग्रेन्खेन नावाचे स्टेशन लागले. घड्याळे बनवणाऱ्या कारखान्यांचे हे गाव. 1918 च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडात सार्वत्रिक संप झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत 48 तासांचा आठवडा होता, म्हातारपणाचा विमा होता, बायकांना मताचा हक्क होता. सरकारने लष्कर आणले. 14 नोव्हेंबरला, संप मागे घेतल्याचे जाहीर झाल्याच्या दिवशी, याच ग्रेन्खेनमध्ये सैनिकांच्या गोळीने तीन तरुण कामगार मेले. संप हरला म्हणतात. पण 48 तासांचा आठवडा लवकरच पदरात पडला, म्हातारपणाचा विमा 1948 साली सुरू झाला, बायकांच्या मताचे वर सांगितलेच. आमची गाडी त्या स्टेशनात मिनिटभर थांबली असेल. आम्ही दोघे न ठरवता उभे राहिलो. समोरची बाई जरा घाबरली.

त्या संपाची समिती ओल्टेन समिती म्हणून ओळखली जाते. ओल्टेन हे काही मोठे शहर नव्हे, परंतु उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मार्ग तेथे एकमेकांना छेदतात आणि लोहमार्गाच्या अंतरांचा शून्य किलोमीटरचा दगडही तेथेच आहे. चारी दिशांच्या पुढाऱ्यांना गाडीने येऊन बैठक करून रात्री घरी परतता येई. आपल्याकडे मनमाडला किंवा भुसावळला बैठका का ठेवतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको.

ओल्टेनहून लुझर्नमार्गे दक्षिणेची गाडी धरली. गोटहार्ड पर्वताखालून आता 57 किलोमीटरांचा नवा बोगदा आहे, 1 जून 2016 रोजी तो खुला झाला. आम्ही मात्र जाणूनबुजून जुन्या डोंगरमार्गाने जाणारी गाडी निवडली. घाटाच्या पायथ्याशी एर्स्टफेल्ड स्टेशन आहे. तेथे एक जुने विजेचे इंजिन स्मारक म्हणून ठेवले आहे. लांबट दोन नाकाडे, मध्ये खोली, चाकांना जोडणाऱ्या दांड्या. तेथील लोक त्याला मगर म्हणतात. आमचे स्नेही खिडकीतून ओरडले, "अहो, हा तर आपला खेकडा!"

खरेच होते. आपल्या बोरघाटात आणि थळघाटात मालगाड्या ओढणारी जी विजेची इंजिने होती, ज्यांना रेल्वेतील माणसे खेकडा म्हणत, त्यांची घडण या गोटहार्डच्या मगरीवरूनच घेतलेली होती. पहिली दहा इंजिने तर येथल्याच विन्टरथुर गावच्या कारखान्यात तयार झाली. बाकीची विलायतेत. अंग तीन तुकड्यांत सांधलेले, म्हणून घाटाच्या वळणावर ते वाकून जाई. साठएक वर्षे या खेकड्यांनी कर्जत-लोणावळ्याचा आणि कसारा-इगतपुरीचा चढ काढला. आमच्या स्नेह्यांचे वडील त्यांवर असिस्टंट होते. गाडी सुटली तरी स्नेही मागे वळून पाहत होते, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढे वासेन गाव लागते. रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरून वर चढतात, त्यामुळे गावची पांढरी चर्च एकदा डोक्यावर, एकदा समोर आणि एकदा पायाखाली दिसते. लोक त्याचे फोटो काढतात. त्यापुढचे ग्योशेनेन स्टेशन मात्र फोटोचे नव्हे. जुना पंधरा किलोमीटरांचा बोगदा येथून सुरू होतो. 1872 ते 1882 अशी दहा वर्षे तो खणला गेला. खणणारे बहुतेक इटालियन मजूर होते. धूर, उष्मा, साचलेले पाणी, आणि त्या घाणीतून आकडीकृमीची साथ. जुलै 1875 मध्ये मजुरांनी काम थांबवून बोगद्याचे तोंड अडवले, तेव्हा बंदूकधारी आणून गोळीबार झाला आणि चौघे मेले. एकंदर सुमारे दोनशे माणसे त्या कामावर दगावली. खुद्द कंत्राटदार लुई फाव्र 1879 साली बोगद्यातच कोसळून मेला, त्याने ते दोन टोकांचे मिळणे पाहिले नाही. पलीकडच्या तोंडाशी आइरोलो स्टेशनाजवळ व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे उठावाचे शिल्प आहे, मजूर आपल्या मेलेल्या सोबत्याला उचलून नेत आहेत असे. त्याचे नावच 'श्रमाचे बळी'. आम्ही तेथे उतरलो, पुढच्या गाडीपर्यंत शिल्पापाशी बसलो, पाव खाल्ला. बोरघाटाच्या मूळ बांधकामात, 1856 ते 1863 या काळात, पटकीने आणि अपघातांनी किती हजार माणसे गेली! त्यांचे असे शिल्प घाटात आमच्या पाहण्यात नाही. नव्या बोगद्यातही नऊ कामगार दगावले. दोनशेवरून नऊ, ही सुधारणा आहे खरी. नऊ घरांना ती सांगायला जाऊ नये.

बेलिन्झोनाला आमचा मुक्काम होता. येथे रेल्वेचा मोठा कारखाना. 2008 साली मालवाहतूक विभागाने तेथली कामे हलवायची आणि शंभरावर माणसे कमी करायची ठरवले. कारखान्यातील चारशेच्या आसपास कामगारांनी 7 मार्चला संप पुकारला आणि रंगकामाची शेड हीच सभागृह केली. तेहेतीस दिवस संप चालला आणि तो बेत मागे घ्यावा लागला. तेथील वाहतूक कामगारांच्या संघटनेतील एक कार्यकर्ता आम्हाला भेटला. त्याची इंग्रजी आमच्यासारखीच असल्यामुळे गप्पा छान झाल्या. आम्ही त्याला आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. पैसा कोठून आला? तो म्हणाला, गावातून. गाव शेडमध्ये जेवण घेऊन येत असे. म्हाताऱ्या येत, शाळेची पोरे येत.

आम्ही गप्प झालो. का गप्प झालो ते आता सांगणे भाग आहे.

आपल्या शहरच्या बस कामगारांचा अकरा दिवसांचा संप आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मागणी थकलेल्या महागाईभत्त्याची होती, न्याय्य होती, आजही आमचे तेच म्हणणे आहे. सातव्या दिवशी डेपोच्या फाटकाशी एक बाई आली. रुग्णालयात आया म्हणून काम करणारी, शेवटच्या थांब्यापलीकडच्या वस्तीत राहणारी. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, तुमचा पगार वाढावा, आमचं काही म्हणणं नाही. पण मी रात्री दहाला सुटते. सात दिवस चालत जाते. तुम्ही मला एकदा तरी विचारलं का?" आम्ही तिला चहा विचारला. दुसरे काही सुचले नाही. संप मिटला, भत्ता मिळाला, गुलाल उडाला. नंतर दोन महिन्यांत तोट्याच्या म्हणून काही फेऱ्या बंद झाल्या आणि तिची रात्रीची शेवटची फेरी त्यांत गेली. त्या वेळी आमच्या संघटनेने काय केले? एक पत्र दिले. ड्यूटी कमी झाली तरी कोणाची नोकरी जात नव्हती, म्हणून एकच पत्र.

बेलिन्झोनाहून दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम आगगाडी सोडून पोस्टाची बस धरली. सान बर्नार्डिनोच्या बोगद्यातून ती उत्तरेकडे जाते. या पिवळ्या गाड्यांचा भोंगा तीन सुरांचा आहे, रोसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेतून घेतलेला, आणि आंधळ्या वळणावर ड्रायव्हर तो वाजवतो. डोंगरी पोस्टरस्त्यावर समोरच्या मोटारवाल्याने बसच्या ड्रायव्हरचा हुकूम पाळायचा असा कायदा आहे. आमच्या ड्रायव्हरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मात्र सोने समजून सगळेच घेऊ नये. 2018 साली उघडकीस आले की या बसच्या कंपनीने वर्षानुवर्षे हिशेब फिरवून सरकारकडून जास्तीचे अनुदान लाटले होते. मोठ्या अधिकाऱ्यांना जावे लागले, कोट्यवधी फ्रँक परत करावे लागले. हिशेब तेथेही फिरतात.

आमचे ठिकाण होते यूफ. आन्डेर गावाहून एक बस आव्हर्सच्या खोऱ्यात वर वर जाते आणि रस्ता संपतो तेथे हे गाव आहे. उंची 2,126 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून सुमारे पाचशे मीटर उंच. झाड नाही, नुसते गवत आणि दगड. बारमाही वस्ती तीसएक माणसांची. आन्डेरला स्वच्छतागृहाला नाणे लागते, ते मोडून आणण्याच्या नादात आमची पहिली बस दोन मिनिटांनी चुकली. ड्रायव्हर आमच्यासाठी थांबला नाही. थांबायचेही नव्हते, कारण ती दोन मिनिटे पुढे कोणाच्या तरी गाठीभेटीतून वजा झाली असती. पुढच्या बससाठी बराच वेळ बाकावर बसलो आणि एकमेकांना दोष दिला.

त्या बसमध्ये आमच्याखेरीज चार डोंगर चढणारे आणि एक म्हातारी होती. तिच्याजवळ बाजाराची पिशवी आणि बटाट्यांचे पोते होते. वाटेत चारपाच घरांच्या वाडीपाशी बस थांबली. ड्रायव्हरने खाली उतरून पोते तिच्या दारापाशी ठेवले आणि परत येऊन घड्याळ पाहिले. यूफला पोचल्यावर आम्ही त्याला मोडक्या इंग्रजीत विचारले, हिवाळ्यात किती माणसे असतात? तो म्हणाला, कधी कधी मी एकटाच. मग बस का सोडतात? त्याला प्रश्न कळला नाही. आम्ही निराळ्या शब्दांत विचारला. तो म्हणाला, वेळापत्रकात आहे.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले ते असे. जेथे बारमाही किमान शंभर माणसे राहतात अशा वस्तीला जोडणाऱ्या मार्गाच्या तोट्यात केंद्र सरकार आणि तेथील राज्य, ज्याला ते कँटन म्हणतात, दोघे वाटा उचलतात. यूफ एकटे त्या मापात बसत नाही, पण खोऱ्यातल्या वाड्या मिळून आव्हर्स बसते, आणि बस शेवटपर्यंत जाते. सबंध देशातील ग्रामीण गाड्या आणि बस यांच्या खर्चाचा सुमारे निम्माच भाग तिकिटातून निघतो. म्हणजे आपल्या भाषेत सगळा तोट्याचा धंदा! पण त्याला तोटा कोणी म्हणत नाही. तो खर्च आधीच ठरवून, मोजून, मंजूर केलेला असतो. रस्त्यावरच्या दिव्याला कोणी तोट्यात आहे म्हणते काय?

यूफला आम्ही तासभर होतो. गवतात बसून राहिलेली सफरचंदे खाल्ली. परतीच्या बसला आम्ही दोघेच. आमच्या स्नेह्यांनी विचारले, "काय विचार चालला आहे?" आम्ही म्हणालो, त्या आयाबाईचे नावसुद्धा आपण विचारले नव्हते.

परत आल्यावर ते विचारले. वस्तीत जाऊन तिच्या घरी बसलो. तेथे घरे दोनशेच्या वर आहेत, हे आम्हाला इतकी वर्षे बस चालवणाऱ्यांचे पुढारी असूनही ठाऊक नव्हते. रात्री नऊ ते साडेदहा या वेळात कामावरून परतणारी माणसे आम्ही आणि दोन वाहकांनी मिळून आठ दिवस थांब्यावर उभे राहून मोजली. रोजची सरासरी एकतीस. त्यांत बायका एकोणीस.

त्या आकड्यांनिशी शेवटची फेरी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज तयार केला आहे. फेरीसाठी लागणारी जादा ड्यूटी आळीपाळीने घेण्यास चालक-वाहकांनी लेखी संमती दिली आहे, ती सोबत जोडली आहे. या अर्जावर पहिली सही त्या बाईची आहे, आमची तेविसावी. सभागृहाच्या दाराशी डाव्या हाताला टेबलावर तो ठेवला आहे. पेनही आहे. अध्यक्षमहाराजांनी आम्हाला पाऊण तास दिला होता, तो भरला.